वाचक विचारतात : टॅग कास्टिंगला लावायचा की ट्रॉलीला?

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की कोगनोळीच्या टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग ज्या तंत्रानं वाचला जातो तेच आरएफआयडी (रेडिओ लहरीनं दुरूनच टॅगचा नंबर वाचायचं तंत्र) आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात माल शोधायला वापरता येतं. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की ह्या वेळचं सदर सगळं त्यावरच. नावं गाळलीत, प्रश्न थोडे कापलेत, भाषा ज्याची त्याची तशीच ठेवली आहे.

"सर नमस्कार. उद्यमबागेत आमची लहान फाउंड्री आहे, लोखंड ओतायची. दिवसाला तीन हजारच्या आसपास छोटी कास्टिंग निघतात, व्हॉल्व बॉडी, पंपाची कव्हरं असं काय काय. माल कुठं अडकलाय तेच कळत नाही बघा. फेटलिंगला (कास्टिंगच्या कडा घासायच्या जागी) विचारलं तर शॉट ब्लास्टिंगला दिलं म्हणतात, तिथं विचारलं तर आलंच नाही म्हणतात. बारकोडच्या चिठ्ठ्या लावून बघितल्या, दोन दिवसांत काळ्या. आता एक सेल्सवाला येऊन गेला, प्रत्येक कास्टिंगला टॅग लावा, सगळं मोबाईलवर दिसेल म्हणाला. लावू काय?"

नको अण्णा. सेल्सवाल्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

आधी हिशेब बघा. अगदी साधा कागदी स्टिकर टॅग मोठ्या ऑर्डरीत दहा रुपयांच्या आतबाहेर पडतो असं धरा, तीन हजार कास्टिंग म्हणजे रोजचे तीस हजार रुपये, आणि तो स्टिकर लोखंडावर चालतच नाही (त्याचं पुढच्या उत्तरात सांगतो). लोखंडावर चालणारा टॅग घ्यायचा तर एकेकाला शंभराच्या वर मोजायला लागतात. व्हॉल्व बॉडीत तुम्हाला सुटतात किती?

बरं, पैसे सोडा, लावणार कधी? चौदाशे अंशाच्या आसपासचा रस साच्यात ओतताना तर प्रश्नच नाही. नेहमीच्या टॅगमधली चिप 85 अंशांपर्यंत काम करते, पेंट ओव्हनसाठी दीडदोनशे अंश सोसणारे खास टॅग मिळतात पण ते महाग. नॉकआऊटनंतर, म्हणजे साचा फोडून माल काढल्यावर, तो थंड झाला की लावाल, तर पुढं शॉट ब्लास्टिंगला पोलादाच्या गोळ्यांचा मारा, तिथं टॅगचा भुगा. ब्लास्टिंगनंतर लावाल तर तुमचा माल हरवतो तो त्याच्या आधीच, मग उपयोग काय झाला.

म्हणून टॅग कास्टिंगला न लावता कास्टिंग ज्यात बसतं त्याला लावा. ट्रॉली, बिन, पॅलेट. तुमच्याकडं चाळीस ट्रॉल्या असतील तर चाळीस टॅग, दीडशे रुपयांचा एक म्हटला तरी सहा हजारात काम, एकदाच. ट्रॉली ब्लास्टिंगच्या मशीनीत जात नाही, ती बाहेर उभी राहते. आणि कास्टिंगची स्वतःची ओळख म्हणाल तर हीट नंबर (माल कुठल्या वितळणीतला ते सांगणारा) साच्यातूनच अंगावर उठवता येतो, तो चिठ्ठीसारखा पुसला जात नाही, त्याच्यापुढं कसला टॅग.

आता ह्यातली खरी मेख. टॅगमध्ये तुमच्या मालाची माहिती नसते, असतो फक्त एक नंबर, बहुतेक टॅगमध्ये 96 बिटचा. ट्रॉली नंबर 17 मध्ये कुठलं कव्हर, कुठली हीट, किती नग, हे नॉकआऊटला ट्रॉली भरताना कुणीतरी माणसानंच कॉम्प्युटरला सांगायचं असतं. तिथून पुढं रीडरसमोरून ट्रॉली गेली की आपोआप नोंद होते. आणि ट्रॉली रिकामी झाली की तो माल त्या नंबरवरून काढून टाकायचा, हे लोक हमखास विसरतात. मी बघितलंय, कॉम्प्युटर सांगतो 17 नंबरात 220 कव्हरं, जाऊन बघावं तर त्यात जेवणाचे डबे आणि एकाचं स्वेटर. तेव्हा भरायला कोण आणि रिकामं करायला कोण, ही दोन माणसं आधी नक्की करा, रीडर नंतर घ्या. सुरुवातीला दोनच जागी लावा, ब्लास्टिंगच्या तोंडाशी आणि डिस्पॅचच्या दारात. तुमचं भांडण तिथंच आहे ना, दिलं की नाही आणि आलं की नाही.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. तुमच्या पॅटर्नच्या (ज्यावरून साचा पाडतात त्या नमुन्यांच्या) माळ्याची काय अवस्था आहे? कारण मला विचाराल तर फाउंड्रीत टॅगचा पहिला मान पॅटर्नचा. मी एका ठिकाणी होतो तिथं सातआठशे पॅटर्न आणि कोअर बॉक्स (कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी लागणारे साचे), निम्मे गिऱ्हाइकांचे, त्यावर खडूनं लिहिलेले नंबर पुसून गेलेले, आणि कुठला कुठाय हे फक्त पॅटर्न शॉपच्या मामांना ठाऊक. मामा यल्लम्माच्या डोंगराला गेले की चार दिवस ती ऑर्डर पुढं सरकायची नाही. एकदा अर्ध्या कोअर बॉक्ससाठी आम्ही तिघं दोन तास माळ्यावर उंदरांच्या लेंड्यांत बसलो होतो, शेवटी तो सापडला एका खिडकीला अडसर म्हणून लावलेला. लाकडी पॅटर्नमध्ये टॅग छान चालतो, मागच्या बाजूला खाच पाडून बसवायचा आणि वर पुट्टी. मग हातातला रीडर घेऊन फिरायचं, पाहिजे तो नंबर टाकायचा, जवळ गेलं की टिकटिक वाढत जाते. फक्त आपला पावसाळा ध्यानात ठेवा, लाकूड ओल धरतं आणि पाणी ह्या लहरी खातं, जूनजुलैत जो टॅग एरवी चार मीटरवरून बोलायचा तो दोनवर येतो. दुरुस्तीला लोक बोलावू नका, ऊन पडलं की ठीक होतं.

"मी मच्छेचा. हायड्रॉलिक मॅनिफोल्ड ब्लॉकचं मशीनिंग करतो. मुलानं ऑनलाईन शंभर स्टिकर टॅग आणि एक यूएचएफ रीडर (काही मीटरवरून वाचणारा) मागवला. हातात धरला की टॅग वाचतोय, ब्लॉकला चिकटवला की रीडर मुका. पोरगं रात्री अकरापर्यंत तिथंच काय करूलालंय कोण जाणे. माल डुप्लिकेट आहे काय?"

माल डुप्लिकेट नाही, पोराला झोपायला पाठवा.

ह्या टॅगला बॅटरी नसते. रीडर लहर सोडतो, त्या लहरीतूनच टॅगची चिप कणभर वीज उचलते, जागी होते, आणि तीच लहर आपल्या नंबरच्या तालात परत परावर्तित करते. लहानपणी आरशानं दुसऱ्याच्या डोळ्यावर कवडसा पाडायचो ना, आरसा हलवला की कवडसा हलतो, तसंच. हे तत्त्व 1948 मध्ये हॅरी स्टॉकमन नावाच्या माणसानं कागदावर मांडलं होतं, म्हणजे चिप वगैरे यायच्या कितीतरी आधी.

आता हा टॅग सपाट धातूवर चिकटवला तर धातू लहर उलटी फेकतो, आणि अगदी पृष्ठभागाला लागून येणारी आणि परत जाणारी लहर एकमेकीला मारून टाकतात. शिवाय टॅगचा अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेला असतो ती जुळणीही धातूजवळ बिघडते. चिपला वीजच मिळत नाही मग ती बोलणार कशी. फास्टॅग काचेवरच का लावायला सांगतात, बॉनेटवर का नाही, ते ह्याचंच उत्तर.

घरी प्रयोग करा. तोच स्टिकर थर्माकोलच्या सातआठ मिलीमीटर तुकड्यावर चिकटवा आणि तो तुकडा ब्लॉकवर ठेवा. मीटरभरावरून का होईना, बहुतेक वाचेल. बाजारात ऑन-मेटल टॅग म्हणून जे मिळतात त्यांच्यात हीच युक्ती नीट केलेली असते, मध्ये फोम नाहीतर सिरॅमिकचा थर, आणि खालचा धातूच अँटेनाच्या कामाला लावलेला. तेवढ्यासाठीच ते महाग.

आलेले शंभर स्टिकर फेकू नका, पुठ्ठ्याच्या खोक्यांना लावा, डिस्पॅचला कामी येतील. खोक्यात ब्लॉक असेल तर स्टिकर अशा बाजूला लावा जिथं आत मोकळी जागा किंवा पॅकिंगचा जाड थर आहे.

आणि रीडर बाहेरून मागवलाय म्हणता तर आधी एक गोष्ट तपासा. आपल्याकडं यूएचएफ आरएफआयडीला 865 मेगाहर्ट्झच्या पुढचा छोटासा पट्टा दिलाय, अमेरिकेत 902 ते 928. अमेरिकेच्या सेटिंगवर चालवलात तर एक तर ते बेकायदेशीर, त्या जागेवर दुसऱ्यांची कामं चालू असतात, आणि डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याची) मान्यता असलेलाच रीडर घ्यायला पाहिजे हे पोराला सांगून ठेवा. सेटिंगमध्ये रीजन म्हणून असतं, तिथं इंडिया दिसत नसेल तर परत पाठवा.

तुमच्या कामाला खरं म्हणजे ब्लॉकपेक्षा टूलला टॅग जास्त शोभेल. सीएनसीच्या टूल होल्डरच्या कॉलरमध्ये 10 मिलीमीटर व्यासाची चिप बसवतात, त्यात त्या टूलची लांबी, व्यास, किती मिनिटं चाललंय हे लिहून ठेवता येतं, मशीन ते स्वतः वाचतं. ऑपरेटरनं ऑफसेट (टूलच्या मापाचा आकडा) टाकताना 125.4 च्या जागी 152.4 टाकलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ही चिप वेगळ्या जातीची, कमी फ्रिक्वेन्सीवर आणि काही मिलीमीटरवरूनच वाचली जाणारी, म्हणून धातूत बसवली तरी तिचं चालतं. पण त्यासाठी होल्डरला तशी खाच आणि मशीनला तसा रीडर लागतो, जुन्या मशीनला हा खटाटोप करत बसू नका.

"मी एका कारखान्यात स्टोअर बघते. आमच्याकडे गेटला आरएफआयडी लावून सहा महिने झाले. कॉम्प्युटर म्हणतो माल गेला, माल माझ्यासमोर उभा. साहेब म्हणतात स्टोअरवाली चुकते. मी काय करू?"

अक्का, तुम्ही चुकत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून सांगतो.

आठनऊ वर्षं झाली. एका कारखान्यात फेटलिंग आणि डिस्पॅचच्या मधल्या दारावर मी रीडर बसवला. पॉवर फुल, 30 डीबीएम म्हणजे एक वॅट, कारण मला वाटलं जितकं जोरात तितकं चांगलं. पहिले दोन दिवस मालक खूश, मी खूश. तिसऱ्या दिवसापासून डिस्पॅचचा आकडा फुगायला लागला, आणि फुगायचा तो रोज दुपारी चारच्या पुढंच. सॉफ्टवेअर बघितलं, केबल बदलली, टॅग बदलले, दोन आठवडे गेले. माझ्यावरचा विश्वास उडत चाललेला, मालक तोंडावर काही बोलत नव्हते पण चहा विचारायचे बंद झाले होते. शेवटी एक दिवस चार वाजता नुसता दाराशी जाऊन उभा राहिलो. चहाची गाडी यायची दाराच्या सावलीत, आणि पोरं हातातली ट्रॉली तिथंच दाराला टेकवून चहाला उभी राहायची. सहासात ट्रॉल्या वीस मिनिटं अँटेनासमोर. रीडरला काय कळतंय चहा, त्यानं सगळ्या पाठवून दिल्या.

तुमच्याकडं नेमकं असंच असेल असं नाही, पण जातकुळी तीच. रीडरला टॅग दिसला म्हणजे माल दारातून गेला असं नसतं. बारकोडला समोर धरायला लागतं, म्हणून तिथं ही भानगड होत नाही. आरएफआयडी पुठ्ठ्यातून, प्लायवुडमधून बघतं, लोखंडी पत्र्यावर आपटून भलतीकडून परत येतं, आणि एका सेकंदात शेकडो टॅग वाचतं. जी त्याची खुबी तीच त्याची खोड.

आम्ही शेवटी तीन गोष्टी केल्या. पॉवर 30 वरून 24 वर आणली, म्हणजे एका वॅटचा पाव वॅट. अँटेना समोर बघत होता तो वरून खाली बघेल असा फिरवला. आणि दारात एक साधा फोटो सेन्सर लावला, काही शेकड्यांचा, ट्रॉलीनं त्याचा किरण तोडला तरच रीडरनं वाचायचं. पुढं अजून एक अँटेना वाढवून आत गेली का बाहेर आली हे पण बघायला लागलो, आधी कुठल्या अँटेनाला दिसली त्यावरून दिशा कळते. चहाची गाडीही पलीकडच्या झाडाखाली हलवली, तो उपाय सगळ्यात स्वस्त पडला.

तुम्ही एवढं करा. चुकीच्या नोंदी किती वाजता पडतात ते आठवडाभर वहीत मांडा. वेळ सापडली की कारण तिथंच उभं असतं. ती वही साहेबांच्या टेबलावर ठेवा, आणि ज्यांनी सिस्टीम बसवली त्यांना बोलवायला सांगा, पॉवर आणि अँटेनाची दिशा बदलणं हे त्यांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

"आम्ही कामगार आहोत. आता कार्डमध्ये पण आरएफआयडी टाकणार म्हणतात. संडासला किती वेळ लागला ते पण बघणार काय?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गेटवर पंच करायचं जे कार्ड असतं, ते मशीनला टेकवल्यासारखं धरायला लागतं, ते दोनचार इंचांवरूनच वाचलं जातं. त्यानं तुम्ही आत कुठं फिरता ते कळत नाही. पण यूएचएफ कार्ड दिलं आणि जागोजागी अँटेना लावले तर कळू शकतं, काही मीटरवरून. तसं ते बेभरवशाचं असतं, कार्ड अंगाला चिकटून खिशात असलं की बऱ्याच वेळा वाचतच नाही, कारण माणूस म्हणजे बरंचसं पाणी. पण बेभरवशाचं म्हणजे उलट जास्त वाईट, जागेवर असलेला माणूस गैरहजर दिसायचा.

मी जिथं जिथं काम केलं तिथं मालकांना एकच सांगत आलो, टॅग ट्रॉलीला लावा, माणसाला नको. ट्रॉलीला टॅग लावून काम सुधारतं, माणसाला लावला की पोरं टॅगला चांदीचा कागद गुंडाळायला शिकतात. तुम्ही एवढं मागा की कुठलं कार्ड आहे, कुठं कुठं वाचणार आणि काय नोंद राहणार ते नोटीस बोर्डावर लिहून लावा, कन्नड आणि मराठी दोन्हीत, आणि आता निम्मी पोरं बिहार-ओडिशाची आहेत तर हिंदीतही.

"वडगावात आमचे सहा माग आहेत. साडीला टॅग लावून विकली तर भाव येईल काय?"

सहा मागांना नको. मोठ्या दुकानदारानंच मागितला तर त्याच्याकडूनच टॅग घ्या आणि लावून द्या, नंबरांची भानगड त्याची. तुमचे पैसे मागाच्या दुरुस्तीत घाला.

"चिकोडी भागातला ऊसवाला. कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टरला कार्ड देतात, ते पण हेच काय? आणि जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला?"

कार्ड हेच, बहुतेक ठिकाणी. ट्रॅक्टर काट्यावर चढला की रीडर नंबर घेतो आणि वजन त्या नंबरावर पडतं, माणसानं आकडा लिहायचा राहत नाही, त्यामुळं एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर चढायची भीती कमी होते. पण कार्ड वजनकाटा बरोबर आहे की नाही ते सांगत नाही हं. आणि दोन ट्रॉल्या असतील तर भरलेलं वजन आणि रिकामं वजन दोन्ही वेळेला त्याच ट्रॉल्या आहेत ना ते बघा, कारण कार्ड ट्रॅक्टरचं असतं, ट्रॉली मागं बदलली तर त्याला पत्ता नसतो.

कानातला पिवळा बिल्ला मात्र वेगळा. त्यावर 12 आकडी नंबर आणि बारकोड छापलेला असतो, आत चिप नसते. बाहेरच्या देशांत चिपचा बिल्ला असतो, 134.2 किलोहर्ट्झवर चालणारा, कारण ती लहर ओल्या अंगाला भीत नाही.

"खानापूरचा आहे, आयटीआय फिटर, दुसऱ्या वर्षाला. आरएफआयडीचा कोर्स करू काय? एकजण पस्तीस हजार मागतोय."

पस्तीस हजार देऊ नको बाळा. तू फिटर आहेस हीच तुझी जमेची बाजू आहे. ह्या कामात सॉफ्टवेअरवाले भरपूर मिळतात, पण ट्रॉलीच्या कुठल्या कोपऱ्याला टॅग लावला की फोर्कलिफ्टचा काटा त्याला लागणार नाही, तेल पुसून रिव्हेट कसा मारायचा, अँटेनाचा ब्रॅकेट किती अंश वाकवायचा, केबल वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून कशी न्यायची, हे जाणणारा माणूस मिळत नाही. रीडर बसवणाऱ्या एखाद्या माणसाच्या हाताखाली सुट्टीत दोन महिने जा, पगार कमी दिला तरी जा. घरी बसून शिकायचं तर एक स्वस्तातलं 13.56 मेगाहर्ट्झचं छोटं रीडर बोर्ड आणि एक अर्डुइनो घे, हजाराच्या आत दोन्ही येतात, त्यानं आधी तुझंच बसचं नाहीतर कॉलेजचं कार्ड नुसतं वाचून बघ, नंबर दिसतो का. दिसला की मला लिही, पुढचं सांगतो.